७.६ नंतरची सकाळ

दवबिंदू | २ ऑगस्ट, रात्री १०:१५

काल १ ऑगस्ट. नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकाला वर्ष झालं.

गेल्या वर्षी त्या गुरुवारी दुपारी एक वाजता मी ऑफिसात डबा उघडला होता, तो तसाच बंद केला. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून आम्ही पाच जण बघत होतो. त्यातल्या चौघांना नेमबाजीतलं काही कळत नव्हतं. तिरंगा वर जायला लागला तेव्हा पाचही जण उभे होतो, आणि उभं राहा असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज लिहायला बसलोय ते मात्र त्या पदकाच्या दहा महिने आधीच्या एका गोळीबद्दल.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. दीड वर्षापासून एअर रायफल शिकतेय. गेल्या रविवारी जिल्हा स्पर्धेत तिचं छान चाललं होतं, आणि चौथ्या मालिकेत एक शॉट सातच्या घरात गेला. मग पुढचे सगळेच हलले. परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. सोमवारी सरावाला नेमबाजीच्या रेंजवर निघायची वेळ झाली तर म्हणाली, "बाबा, मी नाही जात. सगळ्यांनी स्क्रीनवर बघितलं." मंगळवारीही तेच. "होतं गं असं" म्हणून पाहिलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही.

बुधवारी रात्री मी तिला हांगझोऊची अंतिम फेरी लावून दिली.

२९ सप्टेंबर २०२३, आशियाई स्पर्धा, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. त्याच दिवशी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर, अखिल शेरॉन आणि स्वप्नील या तिघांनी १७६९ गुणांचा विश्वविक्रम करून सांघिक सुवर्ण मिळवलं होतं. मग वैयक्तिक फेरी. आधी गुडघ्यावर बसून, मग आडवं पडून, शेवटी उभं राहून. स्वप्नील पुढे होता. सगळ्यांच्या पुढे. आणि उभ्या स्थितीत, फेरी संपत आलेली असताना, एक गोळी ७.६ वर गेली. जिथे दहाच्या खाली आलं की माणूस मागे पडतो, तिथे ७.६! ऐश्वर्यला रौप्य मिळालं, स्वप्नील चौथा.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच आला होता. त्या चौथ्या क्रमांकामुळे भारताला पॅरिसचा कोटा मिळाला. पण कोटा देशाच्या नावावर जमा होतो, नेमबाजाच्या नाही. म्हणजे स्वतः मिळवून आणलेल्या जागेसाठी त्याला २०२४ च्या उन्हाळ्यात दिल्ली आणि भोपाळच्या निवड चाचण्यांमध्ये आपल्याच साथीदारांशी पुन्हा झुंजावं लागलं.

मुलीनं ती ७.६ ची गोळी तीन वेळा मागे घेऊन बघितली. मग विचारलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काय केलं असेल?"

मी उत्तरादाखल पॅरिसची फेरी लावली. गुडघ्यावरच्या १५ गोळ्यांनंतर तो सहावा. आडव्या १५ गोळ्यांनंतर पाचवा. आणि उभ्या स्थितीत, जिथे हांगझोऊला घात झाला होता त्याच स्थितीत, तो वर सरकत गेला. ४० गोळ्या झाल्या की पुढे प्रत्येक गोळीला एक जण बाहेर पडतो. त्याच्या शेवटच्या चार गोळ्या १०.५, ९.४, ९.९ आणि १०.०. त्या ९.४ ला गेल्या वर्षी माझा श्वास अडकला होता, आणि परवा निकाल पाठ असतानाही अडकला. एकूण ४५१.४. तिसरा.

ती गप्प बसून होती. शेवटी फक्त एवढंच म्हणाली, "उभ्यातच."

म्हणून हा धागा. एखाद्या खेळाडूचं हरणं आणि त्यानंतरची त्याची सकाळ तुमच्या मनात राहिली असेल, तर इथे लिहा. मी तिला वाचून दाखवणार आहे.

---

शून्यवारा | २ ऑगस्ट, रात्री ११:०२

कॉलेजात असताना चार वर्षं रायफल केली. राज्य स्पर्धेच्या पुढे गेलो नाही, पण ७.६ म्हणजे काय हे खांद्याला ठाऊक आहे.

५० मीटरच्या टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या लहानशा बटणाएवढा. ७.६ लागली म्हणजे गोळी मध्यापासून साधारण २७ मिलिमीटर लांब पडली. आता हेच नळीच्या टोकाशी मोजा: रायफल मीटरभर लांबीची धरली, तर नळीचं तोंड फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं. अर्धा मिलिमीटर! हृदयाचा ठोकासुद्धा नळी हलवतो. चांगला नेमबाज ठोक्यांच्या मधल्या शांततेत ट्रिगर दाबतो असं म्हणतात. खरं तर तो ठोक्याशी भांडणं सोडून देतो आणि शरीर आपोआप स्थिर होण्याची वाट बघतो. वाट बघण्याचा धीर सुटला की सात.

आणि उभी स्थिती का कठीण? आडवं पडल्यावर दोन्ही कोपर जमिनीला असतात, पट्टा हाताला आवळलेला असतो. गुडघ्यावर निदान एक कोपर गुडघ्याला टेकलेलं असतं. उभं राहिलं की फक्त तुमची हाडं. डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवायचं आणि पाठ मागे झुकवून सगळं वजन सांगाड्यावर घ्यायचं. स्नायू ताणून धरलेत की दहा सेकंदांत थरथर सुरू.

मला पॅरिसच्या फेरीत सगळ्यात जास्त भिडलं ते त्याचं ९.४ नंतरचं वागणं. चेहऱ्यावर काही नाही. रायफल खाली, श्वास, पुन्हा वर. हांगझोऊची आठवण त्या क्षणी आली नसेल असं होऊच शकत नाही. ती आली, आणि तरी हात तिथेच राहिला. हे एका दिवसात येत नाही. हजारो वेळा, कुणी बघत नसताना, वाईट शॉटनंतरचा पुढचा शॉट सावकाश मारून येतं.

मुलीला माझा निरोप सांगा: एअर रायफलमध्ये सातच्या घरातला शॉट म्हणजे मध्यापासून एक सेंटिमीटरच्या आत. १० मीटरवरून, उभं राहून. तिनं जगातल्या बहुतेक माणसांहून चांगला नेम धरला होता.

---

जुनाखडू | ३ ऑगस्ट, सकाळी ६:४०

सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक आहे, त्यामुळे थोडं लांबणार.

स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक, पदकाच्या वेळी आई गावची सरपंच. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे पहिलं वर्ष सर्वसाधारण शारीरिक तयारीचं असतं, मग एक खेळ निवडायचा. त्यानं नेमबाजी निवडली आणि पुढचं शिक्षण नाशिकला झालं. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला.

आता आकडे बघा. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळणारा हा मुलगा पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला तो २०२४ मध्ये. बारा वर्षं. या बारा वर्षांत त्याच्याबरोबरचे किती जण नोकरीत, संसारात, दुखापतीत विरून गेले असतील! मी स्वतः तीस वर्षांत असे कितीतरी विद्यार्थी पाहिले. सोळाव्या वर्षी राज्य पातळी, अठराव्या वर्षी "सर, आता बारावी आहे", आणि संपलं. त्यांना दोष देत नाही. घरी एकाच पगारावर सहा तोंडं असतील तर मी तरी काय सांगणार? पण म्हणूनच जो टिकतो त्याच्या मागे टिकवून धरणारी माणसंही असतात, हे विसरू नये.

इथे ते नाव त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांचं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या स्वतः थ्री पोझिशन खेळल्या. पदकानंतर स्वप्नीलनं त्यांचा उल्लेख दुसरी आई असा केला. मुंबईत अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे, आणि आमच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, जी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे आडवं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. या बायकांनी महाराष्ट्रात रायफलची वाट आधी मळून ठेवली होती. पॅरिसचं पदक त्या वाटेवरून चालत आलं.

आणखी एक. पात्रता फेरीत स्वप्नीलचे गुण ५९०, क्रमांक सातवा. ऐश्वर्यचे ५८९, क्रमांक अकरावा. ६० गोळ्यांत एका गुणाचा फरक, आणि एक जण अंतिम फेरीत, दुसरा प्रेक्षकांत. हांगझोऊला रौप्य घेणारा ऐश्वर्य इथे बाहेर, आणि तिथे चौथा आलेला इथे पदकावर. या खेळात कालचं काहीच पुढे नेता येत नाही. हरणंही नाही. तुमच्या कन्येला हे आवर्जून सांगा.

---

मोगरा | ३ ऑगस्ट, सकाळी ९:२५

धागा आवडला. थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

तेरा वर्षांच्या मुलीला दोन दिवस रेंजवर जावंसं वाटलं नाही, तर लगेच ऑलिंपिकवीर दाखवून उभं करायलाच हवं का? मी शाळेत असताना कबड्डी खेळायचे. प्रत्येक सामना हरल्यावर कुणीतरी मोठ्या खेळाडूची गोष्ट सांगायचं. त्या गोष्टींचं मला ओझं व्हायला लागलं. "ते बघ, त्यांनी केलं" याचा माझ्यापुरता अर्थ "तू नाही केलंस" असा व्हायचा. दहावीनंतर मी मैदानावर गेलेच नाही.

चिकाटी फार मोठी गोष्ट आहे. पण ती आपली आपल्याला सापडावी लागते. आईबापांनी आणून हातात ठेवली की ती शिस्त होते.

---

दवबिंदू | ३ ऑगस्ट, सकाळी ११:१०

मोगराताई, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून तोच डोक्यात आहे.

खरं सांगायचं तर मी पदकाची फेरी आधी लावणार होतो. मग वाटलं, सोमवारपासून ती ज्या जागी बसली आहे तिथे पदक नाही, तिथे तो सातचा शॉट आहे. म्हणून आधी हरण्याची फेरी. ती बघताना तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा हलकेपणा दिसला. एवढ्या मोठ्या माणसाचाही एवढा वाईट शॉट, तोही सगळ्या जगाच्या स्क्रीनवर!

पण तुम्ही म्हणता ते लक्षात ठेवतो. तिला "आता जा" असं मी म्हणालेलो नाही. रायफल कपाटात आहे, किल्ली नेहमीच्या जागी आहे.

---

तालमीतला | ३ ऑगस्ट, दुपारी १:५०

कोल्हापूरचं नाव निघालं आणि खाशाबा जाधवांचं निघालं नाही, हे कसं चालेल!

कराडजवळच्या गोळेश्वरचा गडी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा. मॅटवरची कुस्ती तिथे पहिल्यांदाच धड खेळायला मिळाली. आपल्याकडे सगळी मातीवरची. सहावा येऊन परतला आणि चार वर्षं पुन्हा घाम गाळला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं ठरलं, तर पैसे नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. गावानं, आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. तिथे बँटमवेट गटात जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली, आणि धड विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्लाशी उतरावं लागलं. आपल्या बाजूनं तक्रार करायला तिथे कुणी अधिकारी नव्हता. त्यातूनही कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

परत आल्यावर कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यानंतरचं. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यात स्वतः लढले आणि खर्डीकरांचं घर सोडवलं.

त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षं लागली. ते स्वप्नीलचं. दोन्ही कांस्य, दोघांचं नातं कोल्हापूरशी. गेल्या वर्षी १ ऑगस्टला आमच्या तालमीत खाशाबांच्या फोटोला हार घातला, तेव्हा आमच्या वस्तादांच्या डोळ्यांत पाणी होतं. नेमबाजीतलं त्यांना काही कळत नाही. पण "आलं रे दुसरं" असं ते तीनदा म्हणाले.

---

टिपकागद | ३ ऑगस्ट, दुपारी ४:३०

वरचं सगळं वाचून एक प्रश्न मनात आला, तो मोकळेपणानं मांडतो.

आपण तिरंगा वर जाताना उभे राहतो, उर भरून येतो. तो अभिमान खराच आहे, माझाही आहे. पण तो पदकापाशीच का थांबतो? पॅरिसमध्ये भारताची पदकं सहा. आणि चौथे क्रमांक किती? तेही सहा. १० मीटर एअर रायफलमध्ये अर्जुन बाबुता. २५ मीटर पिस्तूलमध्ये मनू भाकर, त्याच ऑलिंपिकमधल्या दोन पदकांनंतर. तिरंदाजीच्या मिश्र दुहेरीत धीरज आणि अंकिता. स्कीटच्या मिश्र दुहेरीत माहेश्वरी आणि अनंतजीत. बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन. वेटलिफ्टिंगमध्ये मीराबाई चानू. त्या सहा पदकांची नावं विचारली तर सगळे सांगतील. या सहांपैकी तीन तरी किती जणांना सांगता येतील?

मिल्खा सिंग १९६० ला रोममध्ये चौथे. पी. टी. उषा १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांत चौथी, सेकंदाच्या शंभराव्या भागानं. जॉयदीप कर्माकर २०१२ ला लंडनमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये चौथा. दीपा कर्माकर २०१६ ला रिओत व्हॉल्टमध्ये चौथी. अभिनव बिंद्राही त्याच रिओत चौथा. या देशाच्या खेळाचा अर्धा इतिहास चौथ्या जागेवर उभा आहे.

दवबिंदूंच्या धाग्यातली खरी गोष्ट मला ही वाटते. कैरोत आणि हांगझोऊत चौथा आलेला स्वप्नील हा तेव्हाही तोच स्वप्नील होता. त्या संध्याकाळी तो आपला होता का? मी माझ्यापुरतं उत्तर दिलं. हांगझोऊच्या दिवशी मी सांघिक सुवर्णाची बातमी पुढे पाठवली होती आणि वैयक्तिक निकाल वाचून पान उलटलं होतं. याची मला आज लाज वाटते.

---

पहाटधाव | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

मी पोलीस भरतीची तयारी करतोय. दोनदा शारीरिक चाचणीत राहिलो. जास्त लिहिता येत नाही, पण अविनाश साबळेबद्दल लिहितो.

बीडच्या आष्टी तालुक्यातलं मांडवा त्याचं गाव. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला होता. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, ८:११.२० धावला. पहिला आला केनियाचा अब्राहम किबिवोत, ८:११.१५. फरक ०.०५ सेकंद. आणि तिथे १९९८ पासून २०१८ पर्यंत तिन्ही पदकं दर वेळी केनियाचीच होती. त्यात आपला माणूस घुसला. पुढच्या वर्षी हांगझोऊला सुवर्ण.

पण मला आठवतं ते पॅरिस. अंतिम फेरीत तो अकरावा आला. भारताचा पहिला पुरुष त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचला आणि अकरावा आला. त्या दिवशी गावात सगळे म्हणाले "काय उपयोग". मी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठलो आणि धावलो. कुणाला सांगितलं नाही, आज इथे सांगतोय.

---

शून्यवारा | ३ ऑगस्ट, रात्री ८:०५

पहाटधाव, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तिसऱ्या चाचणीला शुभेच्छा. तारीख लागली की इथे लिहा.

टिपकागद, तुमच्याशी जवळपास सहमत. एक भर घालतो. रिओ आणि टोकियो, दोन ऑलिंपिकमध्ये भारतीय नेमबाजांना एकही पदक नव्हतं. टोकियोला १५ जण गेले आणि रिकाम्या हातानं परतले, तेव्हा काय काय ऐकावं लागलं ते आठवतंय. त्यानंतर पॅरिसला नेमबाजीत तीन पदकं आली. एकाच ऑलिंपिकमध्ये एकाच खेळात तीन, हे भारतासाठी पहिल्यांदाच. मधली ती वर्षं ज्यांनी रेंज सोडली नाही त्यांच्यामुळे हे झालं, आणि त्यांतल्या कित्येकांना पॅरिसचं तिकीट मिळालंच नाही.

---

काठावरची | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

मुरलीकांत पेटकर! कुणीच कसं लिहिलं नाही?

पेठ इस्लामपूरचे, सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या आणि चालणं गेलं. बॉक्सिंग संपलं. मग पोहायला लागले. १९७२, हायडेलबर्गची पॅरालिंपिक, ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, सुवर्ण. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री २०१८ मध्ये.

आणि १७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात स्वप्नीलला अर्जुन पुरस्कार मिळाला, दीपाली देशपांडे यांना द्रोणाचार्य, आणि त्याच समारंभात पेटकरांना जीवनगौरवाचा अर्जुन. पदकानंतर ५२ वर्षांनी. ते पुरस्कार घ्यायला आले तेव्हा मी टीव्हीसमोर रडले. वाट बघण्याचं वय किती असू शकतं!

---

तालमीतला | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

टिपकागद, तुमच्या प्रश्नावर संध्याकाळभर वस्तादांशी बोललो. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"खर्डीकर मास्तरांनी घर गहाण टाकलं तेव्हा खाशाबा सहावाच होता. पदक नव्हतं. तेव्हा ज्यांनी दिलं, त्यांचा अभिमान. मिरवणुकीत बैलगाडी घेऊन आले ते पाहुणे."

मी म्हणालो, वस्ताद, बैलगाडीवाल्यांनीही वर्गणी दिली असेल की. तर म्हणाले, "ज्यांनी दिली ते घरचे."

---

मोगरा | ४ ऑगस्ट, सकाळी ८:५०

वस्तादांना माझा नमस्कार सांगा. काल रात्री हे वाचलं आणि झोप लागेना.

मी कबड्डी सोडली तेव्हा आमच्या शाळेच्या मुलींना बूटसुद्धा नव्हते. गोष्टी सगळे सांगायचे, बूट कुणी दिले नाहीत. मला ओझं झालं ते गोष्टींचं नव्हे बहुतेक, त्या गोष्टी फुकट होत्या याचं. आज माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर शाळेच्या मैदानात मुली कबड्डी खेळतात. दोन वर्षं रोज तिथून जाते, कधी आत गेले नाही. आज संध्याकाळी जाणार आहे.

दवबिंदू, मुलगी कशी आहे?

---

दवबिंदू | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. शून्यवारांचं अर्धा मिलिमीटरचं गणित तिनं वहीत स्वतः करून बघितलं आणि बरोबर आहे म्हणाली. पहाटधाव यांचा प्रतिसाद तिनं माझ्या हातातून मोबाइल घेऊन पुन्हा एकटीनं वाचला.

आज शाळेतून आल्यावर किल्ली जागेवर नव्हती. रेंजवर सोडायला गेलो तर मला बाहेरच थांबायला सांगितलं. तासाभरानं आली. किती गुण झाले ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. फक्त म्हणाली की आज तिनं पाच वेळा रायफल वर घेऊन न मारता खाली ठेवली, आणि सरांनी त्याबद्दल शाबासकी दिली.

एक मदत हवी आहे. तिचं जॅकेट आता खांद्यात घट्ट होतं. उंची वर्षात चांगलीच वाढली. नवं घ्यायचं तर या वयात ते पुन्हा वर्षभरात लहान होणार. वापरलेलं चांगलं जॅकेट कुठे मिळेल याची कुणाला कल्पना आहे का?

---

शून्यवारा | ४ ऑगस्ट, रात्री ९:५५

विकत घेऊ नका. माझ्या बहिणीचं जॅकेट घरी आहे, तिनं सतराव्या वर्षी वापरलेलं. कॅनव्हास अजून कडक आहे, दोन बकलं बदलावी लागतील, ती मी बदलून देतो. खांद्याची रुंदी, छातीचा घेर आणि उजव्या हाताची लांबी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हात मोजताना कोपर वाकवून मोजा, नाहीतर उभ्या स्थितीत बाही वर चढते.

---

जुनाखडू | ५ ऑगस्ट, सकाळी ६:१५

माझ्या ओळखीच्या शाळेत मुलांचे नेमबाजीचे बूट दोन जोड्या पडून आहेत. पायाचं मापही पाठवा.

---

मोगरा | ५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

काल गेले होते. अकरा मुली आहेत. सात अनवाणी. मापं लिहून आणली आहेत.